एका घरात तीन खोकले, मग काढा एकच कसा चालेल?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घरात पाच वर्षांचा मुलगा, दहा दिवसांपूर्वी सर्दी झाली होती आणि आता सकाळी उठल्या उठल्या घरघर करणारा ओला खोकला. आठ महिन्यांची मुलगी, परवापासून नाक गळतंय, रात्री थोडी खोकते. सासूबाई 62 वर्षांच्या, बीपीची गोळी चालू, त्यांना दोन महिन्यांपासून कोरडी ढास, रात्री आडवं पडलं की जास्तच. आणि गॅसवर पातेलं एकच, त्यात अडुळसा, सुंठ, मिरी, तुळस, ज्येष्ठमध, गूळ, आणि तोच काढा सकाळ-संध्याकाळ तिघांनाही, बाळाला पण मधात कालवून दोन चमचे. तुम्ही विचारलंय की हे बरोबर आहे का, किती दिवस द्यायचं, सिरपपेक्षा हे सेफ आहे ना, आणि ताजा अडुळसा पुण्यात कुठे मिळेल.

बाकीचं सगळं सावकाश वाचा पण एक गोष्ट आजच करा, बाळाचा काढा आणि मध दोन्ही बंद. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध बोटाला लावूनसुद्धा चाटवायचा नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात ते काही करत नाहीत पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात, त्याला बॉट्युलिझम म्हणतात, बाळ लुळं पडतं, चोखणं कमी होतं, शी होत नाही, रडण्याचा आवाज बारीक होतो. क्वचित होतं हे, पण झालं तर बाळ आयसीयूत जातं. मध शुद्ध आहे, गावाकडचा आहे, पोळ्यातून समोर काढलाय, याने काहीही फरक पडत नाही, उकळूनही ते बीजाणू मरत नाहीत. आतापर्यंत दिलाय म्हणून घाबरून जाऊ नका, बाळ नीट पितंय, खेळतंय, शी होतेय ना एवढं बघा आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांना सांगून ठेवा.

मी बीएएमएस, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी 26 वर्षं दवाखाना चालवते, आणि या 26 वर्षांत खोकल्याचे जितके पेशंट पाहिले तितके दुसऱ्या कशाचे पाहिले नसतील. वनस्पतींवर माझा मनापासून विश्वास आहे, माझ्या घराच्या मागे अडुळशाचं अख्खं कुंपण आहे. पण काढ्यात काय घालायचं हा प्रश्न नंतरचा, आधी खोकला ऐकायचा असतो. जुन्या बायका हेच करायच्या. माझी आजी माजघरात बसून ओसरीवरच्या माणसाचा खोकला ऐकायची आणि म्हणायची, "कोरडा आहे गं, तूप दे त्याला," किंवा "छाती भरलीय, अडुळसा काढ." तिच्याकडे एक रेसिपी नव्हती, तिच्याकडे कान होता. फोनवर फिरत फिरत आपल्यापर्यंत फक्त रेसिपी पोचली, तो कान काही पोचला नाही, आणि म्हणून तिघांना एक पातेलं असं व्हायला लागलं. चरकसंहितेतसुद्धा खोकल्याचे पाच प्रकार सांगितलेत, वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज, आणि प्रत्येकाची चिकित्सा वेगळी दिलीय. वातज म्हणजे ढोबळमानाने आपली कोरडी ढास, कफज म्हणजे बेडके पडणारा ओला खोकला. एकाला स्निग्ध लागतं, दुसऱ्याला तिखट-उष्ण. उलटं दिलं की वाढतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. दवाखाना सुरू केला त्या पहिल्या वर्षी एका शिक्षकांना कोरडा खोकला होता, दिवसभर फळ्यासमोर बोलायचं, खडूची धूळ, घसा सोललेला. मी त्यांना सुंठ-मिरी-पिंपळीचा चांगला कडक काढा दिला, आठवडाभर. पाचव्या दिवशी ते परत आले ते घशाची आग घेऊन, थुंकीत रक्ताची बारीक रेघ, रात्रभर झोप नाही. काढा बंद केला आणि गाईचं तूप, खडीसाखर आणि बेहड्याच्या सालीचा तुकडा तोंडात धरायला दिला, चार दिवसांत आवाज सुटला. (रक्ताची रेघ होती म्हणून छातीचा फोटो पण काढून घेतला, तो नॉर्मल आला.) तेव्हापासून ऐकल्याशिवाय मी कुणाला त्रिकटू, म्हणजे हेच सुंठ-मिरी-पिंपळी, देत नाही.

आणि 2020 साली हेच मी गावभर पाहिलं. आयुष मंत्रालयाने तेव्हा जो क्वाथ सांगितला होता त्यात तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2, मिरी 1 असं प्रमाण होतं आणि 3 ग्रॅम भरड 150 मिली पाण्यात, दिवसातून एकदा-दोनदा, एवढंच. घरोघरी काय झालं, तर मिरी मूठभर, लवंगा वरून, दालचिनीचे मोठे तुकडे, आणि एप्रिल-मेच्या उन्हात दिवसातून चार-पाच वेळा. तोंड आलेले, छातीत जळजळ, मूळव्याध उठलेले पेशंट रांगेने यायचे आणि बहुतेकांना मुळात खोकला नव्हताच. प्रमाण आणि ऋतू सोडला की औषध उरत नाही, मग वनस्पती कितीही चांगली असू दे.

आता एकेकाचं बघू.

मुलगा आधी. दहा दिवसांपूर्वी सर्दी, ताप गेला, आता सकाळचा ओला खोकला, एखाद वेळेस कफाची उलटी, खेळतोय, जेवतोय. हे सर्दीचं नेहमीचं शेपूट आहे. व्हायरल सर्दी आठ-दहा दिवसांत जाते पण खोकला अडीच-तीन आठवडे रेंगाळू शकतो, आणि त्याला अँटिबायोटिक लागत नाही. मुलं कफ थुंकत नाहीत, गिळतात, मग पोटात साठतो आणि सकाळी उलटी होते, त्यानंतर मूल एकदम मोकळं वाटतं. म्हणून त्या उलटीला घाबरू नका.

याला अडुळसा योग्य आहे. अडुळशाबद्दल एक जुना श्लोक आहे, त्याचा भाव असा की अडुळसा आहे आणि जगायची आशा आहे तोवर खोकल्याच्या रोग्याने का खचावं. श्लोकाचा अर्थ कुणी श्रद्धेने घेईल पण त्याला आधार आहे. अडुळशात व्हॅसिसिन नावाचा घटक असतो, त्याच्याच रचनेवरून ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं, आणि ब्रोमहेक्झिनचं शरीरात गेल्यावर जे रूप होतं ते अ‍ॅम्ब्रोक्सॉल. आज मेडिकलमधल्या कफ पातळ करणाऱ्या कितीतरी सिरपवर ही दोन नावं दिसतील. म्हणजे अडुळसा कफ पातळ करतो, सुटा करतो, खोकला दाबत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पहिल्या एक-दोन दिवसांत खोकला जास्त वाटेल, कफ सुटतोय म्हणून, आणि आई म्हणेल औषध लागू पडलं नाही.

अडुळशाची अडचण अशी की पानं कच्ची कुटली तर रसच निघत नाही, नुसता हिरवा चोथा होतो. म्हणून जुनी पद्धत पुटपाकाची. आजी करायची ते असं, झाडाची खालची, जून, पिवळट पडायला लागलेली पिकली पानं घ्यायची, कोवळी नाही. दहा-बारा पानं धुवून पाट्यावर जाडसर वाटायची, गोळा केळीच्या पानात गुंडाळायचा, वरून कणकेचा बोटभर लेप, आणि चुलीतल्या निखाऱ्यात सारून द्यायचा. कणीक बाहेरून काळी पडून तडकली की काढायचा. फोडला की आत वाफ कोंडलेली असते, उग्र, कडवट, भाजलेल्या पालेभाजीसारखा वास, आणि तो लगदा फडक्यात घालून पिळला की काळपट हिरवा रस धार धरून येतो, ज्या पानांतून आधी थेंब निघत नव्हता त्याच पानांतून. आता चूल नाही, तर पानं भांड्यात पाणी न घालता ठेवा, कुकरच्या तळाला नेहमीसारखं पाणी घाला आणि एक शिट्टी वाफवा, कोमट असताना वाटून पिळा. होतो रस, थोडा पातळ होतो इतकंच. मुलाला त्यातला अर्धा छोटा चमचा, तेवढ्याच मधात, सकाळ-संध्याकाळ, पाच ते सात दिवस. जास्त दिला तर मळमळ आणि उलटी होते, म्हणून हात आखडताच ठेवा. मोठ्या माणसाला दोन छोटे चमचे चालतो. आणि हे सगळ्यांनी ऐका, पोटुशी बाईने अडुळसा घ्यायचा नाही, व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं.

रस नको वाटला तर सितोपलादी चूर्ण, पाव चमचा मधात, दोन वेळा. याचं प्रमाण पाठ करण्यासारखं आहे, खडीसाखर 16, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2, दालचिनी 1, प्रत्येक पुढची वस्तू निम्मी. बेरीज केली तर 31 पैकी 16 भाग साखर, म्हणजे निम्म्याहून जास्त, म्हणून मधुमेह असलेल्या माणसाने "आयुर्वेदिक आहे" म्हणून चमचे भरून खाऊ नये. वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरात जमणारा पांढरा खडा, खरा मिळणं अवघड आणि महाग, म्हणून फारच स्वस्त सितोपलादी दिसलं तर मी घेत नाही.

रात्री झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा नुसता मध दिलात तरी या मुलाची रात्र बरी जाईल. हे नुसतं आपलं म्हणणं नाही, 2007 मध्ये अमेरिकेत 105 मुलांवर अभ्यास झाला होता, सर्दीनंतरच्या रात्रीच्या खोकल्यात काहींना झोपण्याआधी मध दिला, काहींना डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे खोकला दाबणारं औषध, काहींना काहीच नाही, आणि आईवडिलांनी मधाला सगळ्यात जास्त मार्क दिले. मध गरम काढ्यात ओतायचा नाही, काढा कोमट झाल्यावर घालायचा किंवा वेगळा चाटवायचा, आयुर्वेदात तापवलेला मध वर्ज्य आहे.

हळद-दूध द्यायचं का विचाराल, आवडत असेल तर द्या, पण कप भरून नको, पाव कप पुरे, पोट जड झालं की सकाळची उलटी वाढते.

सिरपबद्दल. तुमची भीती मी समजू शकते. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला लहान मुलं गेली, सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊच नयेत. त्याच्या आधी डिसेंबर 2023 मध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बाटलीवर छापायला सांगितलं गेलं. म्हणजे मेडिकलमधून स्वतःच्या मनाने सिरप आणायचं नाही हे बरोबरच. पण त्यावरून "काढा म्हणजे सेफ" असा निष्कर्ष निघत नाही. ज्यात गुण आहे त्यात दोषही असू शकतो, अडुळशाला गर्भवतीचं पथ्य आहे ते त्यात गुण आहे म्हणूनच. आणि "आयुर्वेदिक" लिहिलेलं सिरप हेही सिरपच आहे, त्याचीही बाटली, लायसन्स नंबर, तारीख बघायची, बिल घ्यायचं.

मुलाच्या बाबतीत काही गोष्टी मात्र डोळ्यात तेल घालून बघा. खोकला रात्री दोन-तीनला उठवतो का, धावल्यावर, हसल्यावर लागतो का, दर महिन्याला परत परत येतो का. असं असेल तर तो बाळदमा असू शकतो आणि त्याला अडुळसा पुरणार नाही. इन्हेलरची सवय लागते म्हणून लोक वर्षानुवर्षं मुलांना काढे पाजत राहतात, मला फार वाईट वाटतं ते बघून. सवय बिवय काही लागत नाही, श्वास मिळतो. मी वैद्य असून अशी मुलं स्वतः बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते. खोकल्याची उबळ थांबतच नाही आणि शेवटी श्वास ओढताना "हूप" असा आवाज येतो, तो डांग्या खोकला. आणि कुत्रं भुंकल्यासारखा खोकला, श्वास आत घेताना घर्र आवाज, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

आता बाळ. आठ महिन्यांच्या बाळाला मी खोकल्यासाठी पोटातून काहीच देत नाही आणि हे ऐकून घरची मंडळी नाराज होतात हे मला माहितीय. पण बाळाचा खोकला बहुतेक वेळा नाकाचाच असतो, नाकातलं पाणी मागे घशात उतरतं म्हणून आडवं केलं की खोकतं. म्हणून उपाय नाकाचा करा. मेडिकलमधून साधे सलाईनचे थेंब आणा, दूध पाजायच्या आधी प्रत्येक नाकपुडीत दोन-दोन थेंब, मिनिटभराने मऊ फडक्याची वात करून बाहेरच्या बाहेर पुसा. अंगावरचं दूध थोडं थोडं, जास्त वेळा. जागं असताना उभं धरा. एवढं तीन-चार दिवस करा, फरक पडेल.

काय करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं आहे आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. बाळाच्या नाकात तेल किंवा तूप सोडायचं नाही, आंघोळीच्या बाई करत असतील तर त्यांना गोड शब्दांत पण ठाम सांगा, ते तेल फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. कापूर छातीला चोळायचा नाही, उशाशी ठेवायचा नाही, लहान मुलाच्या पोटात कापूर गेला तर झटके येतात. 2021 मध्ये कापूर, ओवा, लवंगांची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो असा मेसेज फिरला होता, तो साफ खोटा होता, आणि तेव्हापासून कित्येक घरांत ती पुरचुंडी पाळण्याला बांधलेली मी अजून बघते. कापूर काढा. नुसत्या ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून, आपल्या गालाला लावून बघून, बाळाच्या छातीला कपड्यावरून शेकलंत तर चालेल, उबेने बाळ शांत होतं एवढाच त्याचा उपयोग. वाफ अजिबात नको, गरम पाणी सांडून भाजलेली मुलं मी पाहिलीत.

गुटीचं पण विचारलं नाहीत तरी सांगते, कारण सासूबाई देतच असतील. गुटी ही आपल्याकडची फार जुनी आणि विचारपूर्वक केलेली गोष्ट, सहाणेवर हळकुंड, बाळहिरडा, सुंठ, काकडशिंगी, अतिविष, ज्येष्ठमध, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, एकेकाचे वळसे मोजून, महिना वाढला की वळसा वाढवायचा. एक वळसा म्हणजे सहाणेवर एकदा गोल फिरवणं, त्यात जे येतं ते डोळ्यालाही धड दिसत नाही. ही मात्रा होती. आता रेडिमेड गुटीची पावडर चिमटीने देतात, त्यात वळशाचा हिशोब राहत नाही. जायफळ जास्त गेलं तर बाळ गुंगतं, बाळ छान झोपलं म्हणून घरचे खूश होतात, ती झोप नसते. वेखंड पोटात मी कधीच देत नाही. आणि सहाण ओट्याखाली ओली पडलेली असते, त्यावर उगाळून दिलं की जुलाब ठरलेले. सर्दी-खोकल्यात गुटी बंदच ठेवा हे माझं मत.

आणि गावाकडे अजून बिबा घालतात म्हणून लिहिते, पासळ्या उडतात म्हणून बाळाच्या पोटावर, बरगडीवर बिब्याचं तेल टेकवायचं किंवा तापवलेल्या सळईने, विळ्याने चटके द्यायचे. बिब्याने कातडी जळते, फोड येऊन चिघळतात, आणि खाली न्यूमोनिया तसाच वाढत असतो. पासळ्या उडणं हे बिबा घालायचं नाही, ऑक्सिजन कमी पडत असल्याचं लक्षण आहे.

बाळाचा श्वास मोजायला शिका, हे कुठल्याही काढ्यापेक्षा मोठं औषध आहे. बाळ शांत असताना किंवा झोपलेलं असताना, रडत असताना नाही, झबलं वर करून पोटाकडे बघा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा, पोट वर आलं की एक. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त आला तर श्वास जलद आहे, त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, बाळ दूध सोडतंय, ओठ निळसर, गुंगीत आहे, यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं, मोजत बसायचं नाही. तुमच्या बाळासाठी आकडा 50, तुमच्या मुलासाठी पाच पूर्ण झालीत पण मी 40 च धरेन.

आता सासूबाई, आणि खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न वाचून मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटली.

दोन महिने कोरडी ढास, कफ नाही, ताप नाही, घशात काहीतरी टोचल्यासारखं, रात्री जास्त. त्यांच्या बीपीच्या गोळीचं पाकीट हातात घ्या आणि आतल्या औषधाचं नाव वाचा, वरचं मोठं कंपनीचं नाव नाही, खाली बारीक अक्षरात असतं ते. त्याच्या शेवटी "प्रिल" आहे का बघा, रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल असं काही. या गटाच्या गोळ्यांनी काही लोकांना अशीच कोरडी ढास लागते, बायकांमध्ये जास्त दिसते, आणि गोळी सुरू केल्यावर लगेच नाही तर कधी कधी काही महिन्यांनी सुरू होते म्हणून कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याकडे अशा एक मावशी दीड वर्ष वेगवेगळे काढे, चाटणं, गुळण्या करून आल्या होत्या, तीन डॉक्टर झाले होते, एक्स-रे दोनदा. गोळीचं पाकीट कुणी मागितलं नव्हतं. त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, त्यांनी "सार्टन" गटातली गोळी बदलून दिली आणि तीन आठवड्यांत खोकला गेला. तर आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, बीपी चढलं तर ते फार महागात पडेल, पण ज्यांनी दिलीय त्यांना हा प्रश्न या आठवड्यातच विचारा.

दुसरं, त्यांच्या काढ्यातलं ज्येष्ठमध आजपासून बंद. ज्येष्ठमध घशाला मलमासारखं काम करतं यात वाद नाही, कोरड्या खोकल्यात मी स्वतः देते, पण बीपी असलेल्या माणसाला नाही. त्यातल्या ग्लायसिरायझिनने शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं, बीपी वाढतं. एक आजोबा दिवसभर ज्येष्ठमधाची काडी चघळायचे, बिडी सुटावी म्हणून कुणीतरी सांगितलं होतं, पायावर सूज, अंगठा दाबला की खड्डा पडायचा, बीपी तीन गोळ्यांनी आटोक्यात येईना. काडी थांबवली आणि महिन्याभरात सूज उतरली. विचार करा, सासूबाई गोळी घेतात बीपी उतरावं म्हणून आणि काढा घेतात तो बीपी चढवतो, आणि खोकला कदाचित त्या गोळीचाच आहे.

ढास लागली की त्यांना काय द्यायचं, तर बेहड्याची साल तव्यावर किंचित तुपात परतून तिचा नखाएवढा तुकडा गालात धरायचा, तुरट रस हळूहळू गिळायचा. एक चमचा गाईचं तूप आणि थोडी खडीसाखर झोपताना. चार-पाच काळ्या मनुका भिजवून, बिया काढून. कोमट पाण्याच्या मिठाच्या गुळण्या, ग्लासला अर्धा चमचा मीठ, पाणी गिळायचं नाही. साखर असेल तर खडीसाखर-मनुका सोडून द्या. सुंठ-मिरी त्यांना नकोच.

आणि तिसरं, दोन आठवड्यांच्या वर कुठलाही खोकला गेला तर बेडका तपासून घ्यायचा हा आपल्या देशात नियमच समजा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी फुकट होते आणि निघाला तर औषधंही फुकट. त्यांचा खोकला दोन महिन्यांचा आहे, म्हणून गोळीवर संशय असला तरी छातीचा एक्स-रे करून घ्याच. वजन कमी होतंय का, संध्याकाळी कसकस वाटते का, रात्री घाम येतो का, रक्त पडतं का हेही विचारा, जुन्या बायका आपण होऊन सांगत नाहीत. जेवून लगेच आडवं होत असतील तर पित्त वर येऊनही अशी ढास लागते, दोन तास बसून राहायला सांगा, उशी उंच करा.

काढा कसा करायचा यावर थोडं, कारण त्यात सगळे एक चूक करतात. मूळ, साल, खोड, फळ हे उकळायचं, पण सुगंधी पान उकळायचं नाही. तुळस, गवती चहा, पानओवा, पुदिना यांचा गुण त्यांच्या वासातल्या तेलात असतो आणि वीस मिनिटं उकळलं की तो गुण तुमच्या किचनभर होतो, कपात राहत नाही. आयुर्वेदात याला दोन वेगळे शब्द आहेत, क्वाथ आणि फांट. क्वाथ म्हणजे आटवलेला, चार कप पाणी मंद आचेवर, झाकण न ठेवता, एक कप उरेपर्यंत. फांट म्हणजे उकळलेलं पाणी वनस्पतीवर ओतून झाकून दहा मिनिटं ठेवायचं, चहासारखं. म्हणून आधी भुईरिंगणी (खोकल्यात वापरतात ती काटेरी वनस्पती), सुंठ, बेहडा वगैरे आटवून घ्या, गॅस बंद करा, मग तुळशीची पानं हाताने चुरडून टाका आणि झाकण ठेवा. रोज ताजा करायचा, सकाळचा काढा संध्याकाळी परत उकळायचा नाही. आणि सात दिवसांच्या वर कुठलाच काढा सलग घ्यायचा नाही, तोवर फरक पडला नसेल तर निदान चुकलंय.

गुळवेल बऱ्याच जणी खोकल्यासाठी टाकतात, ती खोकल्याची वनस्पती नाहीच, ज्वराची आहे, उगाच भर घालू नका. भारंगी मात्र खोकल्याची उत्तम, पावसाळ्यात सह्याद्रीच्या पट्ट्यात तिच्या कोवळ्या पानांची भाजी करतात, कडू असते म्हणून उकडून पाणी काढून टाकतात, आमच्याकडे आखाडात एकदा तरी होतेच. विड्याच्या पानात घालतात तो गुंजेचा गोड पालाही कोरड्या घशाला चांगला, पण त्याच वेलीची लाल-काळी गुंज, म्हणजे बी, जहाल विषारी असते, लहान मुलं असलेल्या घरात ती माळ म्हणूनसुद्धा ठेवू नका.

ताज्या अडुळशाचं विचारलंत. पुण्यात मंडई आणि रविवार पेठेकडे काष्ठौषधींची जुनी दुकानं आहेत, तिथे सुकी पानं, बेहडा, भुईरिंगणी सगळं मिळेल, बेहडा फोडून बघून घ्या, आत किडका नको. ताजी पानं विकत शोधण्यापेक्षा झाडच लावा. अडुळसा बी लावून करत बसायची गरज नाही, जून महिन्यात बोटाएवढ्या जाडीची वीतभर फांदी तिरकी कापून दोन डोळे मातीखाली जातील अशी खोचा, पाऊस तिचं बघून घेतो. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून गावाकडे कुंपणाला लावतात, त्यामुळे गावी कुणाकडे गेलात तर एक फांदी मागा, कुणी नाही म्हणत नाही. कुंडी मोठी घ्या, पेंटच्या 20 लिटरच्या बादलीएवढी तरी, खाली भोकं पाडा, आणि पहिलं वर्षभर पानं तोडू नका.